लाखोरीचं पहिलं पाणी

माझ्या नवऱ्याचे पाय मी महिन्याला बावीस रुपयांत घर चालवून घालवले. हे असं सरळ म्हटलं की घरातली माणसं चिडतात. तुझा काय दोष, तेव्हा कुणाला काय ठाऊक होतं, असं म्हणतात. ठाऊक होतं. बऱ्याच जणांना ठाऊक होतं. पण ज्यांना ठाऊक होतं त्यांना ते नीट सांगता येत नव्हतं, आणि मी सातवी पास असल्यामुळे मला ते ऐकू येत नव्हतं.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. गोंदियात रेल्वेफाटकाच्या पलीकडे दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही तिघं राहायचो: मी, नवरा आणि सासूबाई. लग्नाला दोन वर्षं झाली होती, मूलबाळ अजून नव्हतं. नवरा एका बिडी कारखान्यात फिरतीवर होता. खेड्यापाड्यांतल्या बाया घरी बसून बिड्या वळायच्या आणि यांनी गावोगाव जाऊन ती बंडलं उघडून बघायची, ढिल्या-फाटक्या बिड्या बाजूला काढायच्या, वहीत सही करायची आणि पुढच्या गावाला लागायचं. सगळं पायी. कारखान्याची एक सायकल होती, पण ती मुनीमजींच्या बुडाखाली. शिवाय धानाच्या बांध्या म्हणजे खाचरं, त्यांच्यामधल्या अरुंद धुऱ्यांवर सायकल माणसाला नेत नाही, माणसालाच सायकल न्यावी लागते.

दिवसाला सहा-सात कोस चालणं म्हणजे त्यांना काहीच वाटत नसे. लग्नात मी खाली मान घालून बसले होते, त्यामुळे चेहऱ्याच्या आधी मी त्यांचे पायच पाहिले. लांब, काळे, पोटऱ्या घट्ट, आणि टाचा जमिनीवर अशा टेकलेल्या की जमीन आपल्याच मालकीची आहे. मला ते आवडले होते. हे तेव्हा कुणाला सांगायची सोय नव्हती, आता सांगते.

त्या वर्षी थंडी संपता संपता मालकाने फिरतीचा भत्ता बंद केला. तेंदूपान महागलं, असं कारण दिलं. पंचावन्न रुपयांचे चाळीस झाले. तोवर घराचा व्यवहार सासूबाईंकडे होता आणि त्यांचा हात सैल होता. दारावर आलेल्या कुणालाही त्या पसाभर तांदूळ द्यायच्या, चहा दिवसातून तीनदा व्हायचा, किराणा संपेल तसा आणायचा. पगार कमी झाल्याचं ऐकल्यावर त्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्यापुढे ठेवली.

"घे बाई, तूच चालव. चारीस रुपयात घर मले नाही जमत."

त्या हताश होऊन म्हणाल्या होत्या. मला मात्र राज्य मिळाल्यासारखं वाटलं. शाळेत आम्हाला गृहजीवनाचा एक तास असायचा. बाईंनी फळ्यावर महिन्याचा जमाखर्च मांडून दाखवला होता आणि मला त्यात पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. दोन वर्षं चूल फुंकताना मी त्या गुणांची आठवण काढून जळत होते. आता माझी पाळी होती.

मी वापरून झालेली बिडीची लेबलं घेतली आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर यादी केली. किराणा महिन्यातून एकदाच, पगाराच्या दुसऱ्या दिवशी. बावीस रुपये, वर एक आणा नाही. चहा सकाळी एकदा, तोही गुळाचा. कंदील जेवणापुरता. कपड्याच्या साबणाच्या जागी रिठा. सासूबाईंची सुपारी निम्मी केली, तेव्हा त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मला त्याचंही काही वाटलं नाही. उलट न बोलणाऱ्या सासूचा खर्च कमी, असा विनोद मी नवऱ्याला ऐकवला. ते हसले. आईच्या मागे हसायचे ते.

यादीत सगळ्यात मोठा आकडा तुरीच्या डाळीचा होता. कितीही वेळा खोडला तरी तो परत लिहावा लागायचा. आणि त्याच सुमारास फाल्गुनात कामठ्याहून लाखोरी आली.

सासूबाईंची कामठ्याजवळ थोडी जमीन होती, ती अर्ध्या वाट्याने दिलेली होती. आमच्याकडे धान कापायच्या आधीच उभ्या पिकात लाखोरी फेकतात. धान निघालं की मागे राहिलेल्या ओलीवर ती वाढते. नांगर नको, पाणी नको, राखण नको. डाळ दिसते तुरीसारखीच, जरा मळकट. दरवर्षी वाटेकरी बैलगाडीत आमच्या वाट्याचं दीड पोतं आणून टाकायचा. सासूबाई त्यातल्या दोन पायल्या वड्यांसाठी ठेवायच्या आणि बाकीची मिळेल त्या भावाने विकून टाकायच्या. घरात फुकट आलेली डाळ स्वस्तात विकायची आणि बाजारातून महाग डाळ आणायची, हा कारभार पाहून माझं डोकं फिरलं.

"यंदा विकायची नाही," मी वाटेकऱ्याला सांगितलं. "घरीच खायची. तूर बंद."

तो साठीचा माणूस होता. पोत्यावर हात ठेवून उभा होता.

"रोज जी?"

"रोज."

पोत्याचं तोंड बांधलेलं होतं, तरी त्याने ते सोडून पुन्हा बांधलं. "बैलायले बी आमी रोज नाही देत जी," तो म्हणाला.

"तुमच्या बैलांचा किराणा मला भरावा लागत नाही," मी म्हटलं. तो हसला नाही. पाणीही न पिता गाडी जुंपून निघून गेला, आणि मला वाटलं, डाळ विकताना याला दलाली मिळत असणार.

पहिल्या दिवशी लाखोरी कशी शिजवायची ते सासूबाईंनी दाखवलं. मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, भरपूर पाणी उकळलं, त्यात डाळ टाकली, चांगली उकळी येऊ दिली आणि मग ते सगळं पाणी त्या मागच्या दाराने उकिरड्यावर ओतून आल्या. मग दुसरं पाणी घालून डाळ शिजायला ठेवली.

"पाणी काऊन फेकलं, आत्याबाई?"

"पयलं पानी फेकतच असते."

"पण कायले?"

"कायले म्हंजे? माह्या सासूनं फेकलं, मी फेकतो." त्या चिडल्या होत्या, कारण उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. "गाईले बी नाही पाजत ते."

शाळेतल्या बाईंनी फळ्यावर लिहिलेलं मला शब्दन्‌शब्द आठवत होतं. डाळी-भाज्यांचं पाणी फेकू नये, सगळं सत्त्व त्यातच उतरतं. मी ते सासूबाईंना समजावून सांगितलं. शिवाय दोनदा पाणी उकळायचं म्हणजे सरपण दुप्पट. त्या ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "कर बाप्पा तुह्या मनानं." दुसऱ्या दिवसापासून मी ते पहिलं पाणी काढून ठेवायला लागले. शेजारच्या झाडाची चिंच फुकट होती. चिंच, लसूण, लाल मिरची, वरून मोहाच्या बियांच्या तेलाची, म्हणजे टोरीच्या तेलाची फोडणी. असं सार झालं की वास फाटकापर्यंत जायचा.

नवऱ्याला ते इतकं आवडलं की घरात पाऊल टाकताच आधी सार मागायचे. दोन वाट्या उभ्यानेच प्यायचे. "हाटेलातला रस्सा याच्यापुढं झक मारते," म्हणायचे. मी त्यांना तिसरी वाटी द्यायचे. सासूबाई सार घ्यायच्या नाहीत. मला पचत नाही म्हणायच्या आणि भातावर नुसती चटणी घेऊन जेवायच्या. मला वाटायचं, हा सुपारीचा राग आहे. मी शेवटी जेवायला बसायचे तोवर सार संपलेलं असायचं, डाळही तळाला लागलेली. कमावत्या माणसाच्या ताटात जास्त पडतं, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. मला ते छान वाटायचं.

चैत्रात बावीस रुपयांतले चौदा आणे उरले. ते मी नवऱ्याच्या हातावर ठेवले तेव्हा त्यांनी ते मोजले, परत माझ्या हातात दिले आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळ्यांना सांगितलं. मुनीमजींच्या बायकोने माझी यादी बघायला मागवली. माझे पाय जमिनीवर नव्हते.

वैशाखात तांदळाचा भाव चढला. वाट्याच्या धानातली दोन पोती मी विकली आणि भाताची तूट लाखोरीने भरली. लाखोरीचं पीठ करून त्याच्या जाड भाकरी यांना शिदोरीत द्यायला लागले. म्हणजे सकाळी लाखोरीची भाकरी, रात्री लाखोरीची डाळ आणि घरी आल्या आल्या लाखोरीचं सार. तेंदूपानाचे दिवस होते, फिरती वाढली होती. कधी कधी ते देवरीच्या बाजूला चिचगडपर्यंत मोटारीने जायचे, तिथून जंगलातल्या गावांना पायी, आणि तीन-तीन दिवसांनी यायचे. मी तीन दिवसांच्या भाकरी बांधून द्यायचे.

एकदा तांदूळ निवडताना सासूबाई आपल्या आपण बोलायला लागल्या.

"भात कमी अन् लाखोरी जास्त होऊन राह्यली."

मी लेबलावर महिन्याचा हिशेब मांडत होते.

"माह्या मायेरी एका साली धान बुडालं होतं. मी लहान होतो. त्या साली पाऊस लागल्यावर जवान जवान मानसं काठीवर आले. आधी एक काठी, मंग दोन. काही तं बुडावर सरकत. बाया नाही, मानसंच. कामाचे."

"कशानं?"

"वारं लागलं म्हनत."

धान बुडालं त्या साली तुम्ही सगळे खात काय होतात, एवढंच मी विचारायला हवं होतं. त्यांना आठवलं असतं. त्या म्हणाल्या असत्या, आणि म्हणता म्हणता आम्हा दोघींना कळलं असतं. मी विचारलं नाही. या महिन्यात तेल अर्धा पाव जास्त का गेलं, असं विचारलं. त्या पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

जेठ महिन्यात नवऱ्याच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. चालून येतात म्हणून होत असेल, असं तेही म्हणाले आणि मीही. रोज टोरीचं तेल चोळायला लागले. तेलाचा खर्च वाढला म्हणून मी गूळ कमी केला. मग एके दिवशी ते ओट्यावर बसले होते ते पहिल्या झटक्यात उठले नाहीत. भिंतीला हात लावला, थोडं थांबले आणि मग उठले. माझ्याकडे पाहून हसले. मी हसले नाही, कारण त्या दिवशी चपलेवरून आमचं भांडण झालं होतं.

चपला चार महिन्यांपूर्वीच्या. त्या झिजल्या होत्या आणि झिजल्या त्याही भलत्याच. अंगठ्याकडे चामडं पार जाऊन पाय जमिनीला लागत होता आणि टाचेकडे दुकानातून आणल्यासारख्या कोऱ्या. मी त्या फाटकाजवळच्या मोच्याकडे घेऊन गेले. त्याने चपला उलट्या-सुलट्या केल्या, एकीवर दुसरी ठेवून पाहिली.

"बाबूजी एड़ी नहीं टेकते क्या?" त्याने विचारलं.

"टेकतात ना. काऊन नाही टेकणार?"

त्याने खांदे उडवले आणि सहा आणे मागितले. सहा आणे माझ्या यादीत नव्हते. घरी येऊन मी नवऱ्याला बोलले, की सरळ चालायला काय होतं, नाचत जाता काय गावोगाव? ते म्हणाले, टाच टेकवायला गेलं की पोटरी ओढते. मी म्हटलं, अशक्तपणा आहे. अशक्तपणाला औषध माझ्याकडे होतं. त्यांची साराची वाटी मी मोठी केली. डाळ दाट करायला लागले. आपल्या ताटातला भात काढून त्यांच्या पानात लाखोरीबरोबर कालवून द्यायला लागले. रोज संध्याकाळी ते येताना मी दारातून बघायचे. ते फाटक ओलांडून यायचे आणि दरवेळी फाटकापासून दारापर्यंत यायला त्यांना कालच्यापेक्षा जास्त वेळ लागायचा. मला ते दिसत होतं. मी त्याचा अर्थ लावत नव्हते, इतकंच.

आषाढात पाऊस लागला. चौथ्या की पाचव्या दिवशी ते धुऱ्यावरून घसरून बांधीत पडले. घरी आले ते अंगभर चिखल आणि हातात कुठल्याशा झाडाची ओली काठी. "चिखल हाय वो सगळीकडं, काठी बरी पडते," म्हणाले.

सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी काठीकडे पाहिलं. मग लेकाच्या पायांकडे पाहिलं. ते न्हाणीकडे चालले होते. गुडघे एकमेकांना घासत होते आणि दोन्ही पाय चवड्यांवर. सासूबाई उठल्या, साराचं गंज फडक्याने धरलं आणि मागच्या दाराने जाऊन सगळं सार उकिरड्यावर ओतून आल्या.

मी अशी भडकले की काय बोलते ते मलाच कळेना. दिवसभर चालून आलेल्या माणसाच्या तोंडचं अन्न फेकता, असं म्हटलं. माझ्या संसारात हात घालू नका, असंही म्हटलं. त्या रिकामं गंज घेऊन उभ्या होत्या.

"पानी फेकत जाय बाई," त्या म्हणाल्या. "मले सांगता नाही येत. पन फेक."

"सांगता येत नाही तर बोलू नका."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सार केलं, नेहमीपेक्षा जास्त, आणि त्या फेकतील म्हणून गंजाजवळ बसून राहिले. हे सगळं मी केलं आहे. आजही कुणी माझ्या नीटनेटक्या संसाराचं कौतुक केलं तर मला तो दिवस आठवतो आणि कौतुक करणाऱ्याचा राग येतो.

त्यानंतर आठवडाही गेला नाही. एका सकाळी ते अंथरुणातून उठायला गेले आणि पाय सरळच होईनात. दोन्ही पाय लाकडासारखे ताठ, हात लावला की आतून थरथरायचे. कारखान्यातून माणूस आला, बघून गेला. शेजाऱ्याच्या मदतीने त्यांना टांग्यात घालून आम्ही सरकारी दवाखान्यात नेलं. सासूबाई बरोबर आल्याच, मी नको म्हणत असताना.

डॉक्टर उत्तरेकडचे होते. त्यांनी नाडी पाहिली नाही, जीभ पाहिली नाही. नवऱ्याला दोघांच्या खांद्यावर हात टाकून दारापासून टेबलापर्यंत चालायला लावलं, आणि मग माझ्याकडे वळले.

"घर में दाल कौन सी पकती है?"

"लाखोरी."

"कब से?"

"होळीपासून."

"रोज़? और उसका पानी?"

आणि मी काय म्हणावं! मी पदर नीट केला आणि म्हटलं, "पाणी फेकत नाही जी. त्याचं सार करतो. एक थेंब वाया जात नाही." माझ्या आवाजात अभिमान होता. मला अजून ऐकू येतो तो.

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत त्यांनी सांगितलं. या डाळीत पायांच्या नसा मारणारं विष असतं. कधीमधी खाल्लं तर काही होत नाही, रोज पोटभर खाल्लं की कष्टाच्या माणसाला आधी धरतं. त्यातलं पुष्कळसं विष पहिल्या पाण्यात उतरतं. म्हणून जुन्या बाया ते पाणी फेकतात. "जितना गया, उतना गया," ते म्हणाले. "आज से बंद करो तो और नहीं जाएगा." गेलेलं परत येईल का, हे मी विचारलं. त्यांनी पेन उचललं आणि मालिशचं तेल लिहून दिलं.

बाकावरून सासूबाई बोलल्या. "साहेब, पानी मीच ठेवाले सांगतलं. पोरगी शयराची हाय, तिले काय मालूम."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नवऱ्याने मात्र आपल्या आईकडे असं पाहिलं की मी नजर खाली वळवली. आणि मी गप्प बसले.

पुढचं सांगून टाकते. पाय परत आले नाहीत. कारखान्याने त्यांना बसून लेबलं चिकटवायचं काम दिलं, पगार जवळजवळ निम्मा. ते पुढे सव्वीस वर्षं जगले आणि सगळी सव्वीस वर्षं दोन काठ्यांवर चालले. मी साठवलेले रुपये टांग्यात आणि तेलात संपले. उरलेली लाखोरी मी विकली नाही, कुणाला दिली नाही, उकिरड्यावर फेकली. श्रावणाच्या पावसात ती तिथे उगवली, हिरवीगार, आणि सासूबाई रोज सकाळी वाकून एकेक रोप उपटत राहिल्या.

दवाखान्यातून आल्यावर ते आईशी बोलेनासे झाले. तिने चहा दिला की भिंतीकडे तोंड करायचे. एकदाच बोलले. "तुह्या मायेरचे मानसं तू डोऱ्यानं पाह्यले होते माय. तरी तू पानी ठेवाले सांगतलं." सासूबाईंनी मान खाली घातली आणि चहाचा कप उचलून आत आल्या. मी आतच होते. मी त्यांना हळूच विचारलं, तुम्ही असं खोटं का सांगितलं?

"मायवर किती दिवस रागावंल तो?" त्या म्हणाल्या. "बायकोवरचा राग मानूस जलमभर धरते. तुले त्याले जलमभर उठवा-बसवा लागनार हाय."

हे ऐकूनही मी अकरा दिवस गप्प बसले. भीती वाटत होती. त्यांनी मला टाकलं तर काय, हा विचार येत होता, आणि पाय नसलेला माणूस कुणाला कसा टाकणार, हा त्याहून वाईट विचारही येत होता. त्या अकरा दिवसांत सासूबाई अर्ध्या झाल्या. जेवायला बसायच्या आणि ताट तसंच सरकवायच्या. लेकाने एकदा तरी हाक मारावी म्हणून उगाच त्याच्या खाटेजवळून जायच्या. तो हाक मारायचा नाही. एवढी वर्षं त्या सगळ्यांना पसापसा वाटत आल्या, आणि मी त्यांचा लेकसुद्धा त्यांच्याकडे राहू देत नव्हते.

बाराव्या दिवशी दुपारी पाऊस थांबला होता. सासूबाई मागे धुणं वाळत घालत होत्या. मी खाटेजवळ जमिनीवर बसले आणि सांगितलं. पाणी ठेवायचं मी ठरवलं, त्यांनी फेकायला सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं, फेकूनही दाखवलं होतं, मी ऐकलं नाही. शाळेतल्या बाईंचं सांगितलं, बावीस रुपयांचं सांगितलं. ते भिंतीकडे बघत ऐकत होते. मला वाटलं आता माझ्यावर काठी उगारतील. उगारावी असंच वाटत होतं.

त्यांनी विचारलं, "मायनं पेलं नाही ते सार?"

"नाही. एकदाही नाही."

"अन् तू?"

"मी शेवटी जेवायचे. उरायचंच नाही."

ते माझ्या पायांकडे बघत राहिले. मी पाय पोटाशी ओढून घेतले.

"बरं झालं मंग," ते म्हणाले. मला रडू आवरेना. ते चिडले असते तर मी सोसलं असतं, याची मी तयारी केली नव्हती. त्यांनी मागच्या दाराकडे तोंड करून मोठ्याने हाक मारली, अकरा दिवसांनी पहिल्यांदा. सासूबाई ओल्या हातांनीच धावत आल्या आणि उंबऱ्यात थांबल्या, पुढे यावं की नाही अशा.

"माय, मले जरा उठव," ते म्हणाले. "ही रडून राह्यली, हिच्यानं नाही होनार."